पाशाच्या पाहुणचारातली उणीव

धाकूला दुर्मुश पाशाच्या हवेलीत येऊन आज अकरा दिवस झाले होते, आणि पाशा काही त्याला जाऊ देत नव्हता!

धाकू चौल बंदरचा. मिरी घेऊन तुर्कांच्या मुलखात गेलेल्या तांड्याचा आचारी. पाशाच्या मुदपाकखान्यात मिरीचं पोतं टाकायचं आणि परत फिरायचं, एवढंच त्याचं काम. पण बिचारा दारात जोडे काढून आत गेला आणि तिथेच फसला! जोडे काढून घरात आलेला परदेशी म्हणजे देवाने धाडलेला पाहुणा, अशी तिकडची रीत. रीत मोठी गोड. पण पाशाने तिचा पार फास करून टाकला होता. पाहुणा निघून गेला तर गाव म्हणेल, पाशाकडचं अन्न आटलं! म्हणून त्याच्याकडे पाहुणे नुसते यायचे.

सकाळी डोळा उघडला की हातावर गुलाबपाणी. मग कॉफीचा इवलासा पेला. तो रिकामा झाला की दुसरा. द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात, त्यावर ताक, त्यावर पाकात बुडालेला बकलावा. धाकूने ‘पुरे’ म्हणून पोटावर हात फिरवला, तर वाढप्याला वाटलं पाहुण्याला फारच आवडलं. त्याने आणखी चार तुकडे वाढले!

शिराजचा एक शायर तिथे सात महिने मुक्कामाला होता. त्याला उठवायला आता दोन माणसं लागत. एक गालिचेवाला नमुना दाखवायला आला होता. तीन वर्षं त्याच नमुन्यावर झोपत होता.

आज दुपारी तांडा निघणार होता. खिंडीत बर्फ पडू लागलं होतं. हा तांडा चुकला की वाट सहा महिने बंद, आणि माघात तर धाकूच्या लेकीचं, चंद्रीचं लग्न! भरल्या पंगतीत तो उठून उभा राहिला.

“हुजूर, माघात लेकीचं लग्न आहे, मला निरोप द्या!”

चमचे जागच्या जागी थांबले. पाशाने मिशी कुरवाळली.

“जायचंय? खुशाल जा! फक्त माझ्या पाहुणचारातली एक उणीव दाखव. उणीव नसेल, तर जातोस कशाला? खोटी उणीव काढलीस, तर माझ्या मिठाचा अपमान, वर्षभर तुरुंगात!”

“आणि खरी निघाली तर?”

“तर तिथल्या तिथे भरून काढीन, हा पाशाचा शब्द! मग जायचं कारणच उरणार नाही.” पाशा खूश होऊन म्हणाला, “दुपारच्या बांगेपर्यंत विचार कर. तोवर बकलावा घे!”

शायराने धाकूचा सदरा ओढला. “खाली बस, बाबा. मी म्हणालो होतो, उशी कडक आहे. पाशाने हंसाच्या पिसांच्या बारा उशा दिल्या. आता उशांतूनच बाहेर पडता येत नाही!”

धाकू खिडकीशी जाऊन उभा राहिला. समोरच्या घरातला खोगीर शिवणारा कारागीर खेचरावर बसून कुठे परगावी निघाला होता. खेचर चार पावलं गेलं, तोच त्याची बायको तांब्याचा घडा घेऊन धावत आली आणि तिने नवऱ्याच्या मागे रस्त्यावर भस्सकन पाणी ओतलं!

“भांडण झालं वाटतं!” धाकू पेले उचलणाऱ्या म्हाताऱ्या एमिनेबाईला म्हणाला.

“भांडण कसलं, लेकरा! वाट पाण्यासारखी सरळ सरावी, माणूस पाण्यासारखा झुळझुळत परत यावा, म्हणून ओततात. निघणाऱ्याच्या मागे पाणी ओतलं नाही, तर ते घर कसलं?”

“आणि या हवेलीत कधी ओतलंत?”

म्हातारीने तोंडाला ओढणी लावली. “इथून निघतंय कोण?”

धाकूच्या पोटातला अकरा दिवसांचा बकलावा एकदम हलका झाला! बांग झाली तसा तो पाशासमोर हात जोडून उभा राहिला.

“हुजूर, जेवण अमृतासारखं, बिछाना लोण्यासारखा! पण एक मोठी उणीव आहे. गावातला साधा खोगीरवालासुद्धा जी रीत पाळतो, ती तुमच्या घरी आजवर एकदाही पाळलेली नाही!”

“माझ्या घरी?” पाशा ताडकन उठला. “कोणती रीत? बोल!”

“पाहुण्यामागे पाणी ओतायची! गुलाबपाणी झालं, कॉफी झाली. हेच तेवढं राहिलं. गावाला वाटायचं, पाशाकडे एवढा साधा घडा नाही!”

“घडा नाही? अरे, चांदीचा घडा आणा! काठोकाठ भरा! आत्ताच्या आत्ता ओततो!”

नोकर धावले. घडा आला. पाशाने तो दोन्ही हातांनी उचलला, आणि तसाच थबकला.

“पण... त्यासाठी तुला जावं लागेल!”

“काय करणार, हुजूर!” धाकूने मोठा सुस्कारा सोडला. “माझा पाय तर निघत नाही. पण उणीव तिथल्या तिथे भरून काढायचा शब्द पाशांनी दिलाय. तो माझ्यापायी मोडला, तर मी कोणत्या तोंडाने बकलावा खाऊ?”

पाशाचं पोट हललं, मिशी हलली, आणि तो असा खदखदून हसला की घड्यातलं अर्धं पाणी त्याच्याच अंगरख्यावर सांडलं!

“आचाऱ्या, तू मला शिजवलंस! याला माझं उत्तम खेचर द्या! आणि याच्या लेकीला लग्नात पांघरायला रेशमी शाल!”

धाकू दारात जोडे चढवत होता, तेव्हा गालिचेवाला बिचकत म्हणाला, “हुजूर... घड्यात अजून पाणी उरलंय.”

“मग रीत अर्धी कशाला?” पाशा पुन्हा हसत सुटला. “आणखी घडे भरा! आणि अरे, दोघे जण या रे इकडे, शायराला उचला!”