अनुसयेची गूळतुला

वारणेकाठच्या एका गावात शिरपती नावाचा एक भोळा नवरा होता. सांगितलेलं तो कधी विसरायचा नाही. गावाचं दुर्दैव एवढंच.

त्याची बायको अनुसया पोटुशी असताना त्याच्या आईनं, सुगलाबाईंनी, देवीला नवस केला होता. सून सुखरूप बाळंत झाली की तिच्या वजनाइतका गूळ वाहीन! सून बाळंत झाली. सुगलाबाईंनीच तिला तीन महिने डिंकाचे लाडू चारले. वजन कोणत्या दिवशीचं धरायचं, हे मात्र देवीशी ठरलं नव्हतं. नवस फेडायची जत्रा जवळ आली आणि सुगलाबाईंची नजर सुनेच्या अंगावर गेली.

"केवढी सुटलीयस गं! एक वेळ जेव आता. तुझ्याच तब्येतीसाठी सांगते."

तब्येतीची एवढी काळजी कुणाच्या नशिबी असते! अनुसया एक वेळ जेवू लागली. बाळाला दूध पुरेना. ते दिवसभर किरकिरायला लागलं, तेव्हा शिरपती दवाखान्यातल्या सिस्टरांकडे गेला.

"अंगावर पाजणाऱ्या बाईला उपाशी ठेवता?" सिस्टर कडाडल्या. "भूक लागली की खाऊ दे तिला. पाजायला बसली की शेजारी पाणी ठेव."

शिरपती घरी आला. अनुसयेचा नुकताच डोळा लागला होता. त्यानं तिला हलवलं.

"भूक लागली?"

"नाही हो."

थोड्या वेळानं परत हलवलं. "आता?"

सिस्टरांनी हे ऐकलं. "अरे देवा! झोपली असेल तर उठवायचं नाही."

मग दोघं एसटीनं तिच्या माहेरी निघाले. अनुसया खिडकीला डोकं टेकून झोपली. गाव आलं. शिरपतीनं बाळ घेतलं, पिशवी घेतली आणि पाय न वाजवता तो उतरला. एसटी अनुसयेला घेऊन पुढच्या तालुक्याला गेली. ती परत येईपर्यंत भुकेल्या बाळानं अख्खी आळी गोळा केली होती.

"आई आणि बाळाला लांब करायचं नाही!" सिस्टरांनी कपाळाला हात लावला. "आणि वजनाची घाई नको. पोटभर जेवू दे, रोज थोडं चालू दे. आपोआप हळूहळू उतरेल."

जत्रेत तराजू टांगला. एका पारड्यात अनुसया, दुसऱ्यात गूळ. पारडी जवळजवळ समान झाली. सुगलाबाईंनी हात जोडले. तेवढ्यात शिरपतीनं त्यांच्या कडेवरचं बाळ काढून अनुसयेच्या मांडीवर दिलं. लांब करायचं नाही! बाळ प्यायला लागलं. शिरपतीनं पाण्यानं भरलेली घागर आणून त्याच पारड्यात ठेवली.

पारडं धप्पकन जमिनीला टेकलं.

"अरे मुडद्या, गूळ संपला की!" सुगलाबाई किंचाळल्या. "आता हिचं वजन कमी कसं व्हायचं?"

"होईल की, आई. घाई करायची नाही." शिरपतीनं पुजाऱ्याला घोंगडं अंथरून दिलं. हलगीवाल्यांना झाडाखाली बसवलं. "काही महिने लागतील. टेका सगळे."

"अहो," पारड्यातून अनुसया म्हणाली, "मला भूक लागलीय."

शिरपतीनं देवीच्या पारड्यातली ढेप फोडली आणि तिच्या ओंजळीत भरली.