आम्ही की आपण?

एक होतं पाटगाव. तिथे राहायचे रंगनाथ कासार, त्यांची बायको वत्सला आणि एकुलती लेक हेमांगी. साता समुद्रापलीकडच्या विद्यापीठाने हेमांगीला बोलावलं, पण आधी उन्हाळाभर इंग्रजीच्या वर्गात बसायचं. नापास झालं की परत घरी!

काय तो वर्ग, बाई! वीस देशांची पोरं एका खोलीत. आणि पुढे ताडासारखे उंच बार्नवेल साहेब.

शेवटच्या दिवशी तोंडी परीक्षा. साहेब हेमांगीला म्हणाले, "आमच्या इंग्रजीत सगळं नेमकं सांगता येतं. तुझ्या भाषेत त्याहून नेमकं काही असेल तर दाखव, नाहीतर सामान बांध."

पोरांकडे हात करून हेमांगी इंग्रजीत म्हणाली, "सर, वी आर गोइंग फॉर लंच."

"वा! कुठे जायचं? मला मासे आवडतात."

"तुम्ही नाही, सर. आम्ही पोरंच."

साहेबांचे कान लाल झाले.

"रागावू नका, सर. माझी आई 'आपण जेवू' म्हणाली, की पाहुणा पाटावर बसतो. 'आम्ही जेवू' म्हणाली, की पाहुणा चपला घालतो. तुमच्या 'वी'ला मात्र विचारावं लागतं, मला धरून की मला सोडून?"

साहेब जड जिभेने म्हणाले, "मग… आपण?"

"आपण, सर!"

हेमांगी पहिली आली. पुढे त्याच विद्यापीठात शिकवू लागली आणि आईवडिलांना तिने विमानाने नेलं. पायाखाली ढग बघून वत्सला वाटभर हात जोडून बसली होती म्हणे. असं भाग्य कासारांच्या घरी आलं.