चिमाक्काचं मोरपीस

पाय पसरून बसा रे सगळे, ही गोष्ट पायांचीच आहे! फार वर्षांपूर्वी, तांबडमाळाला यायला साधी पायवाटही नव्हती तेव्हा, इथं चिमाक्का नावाची वैदीण राहायची. ती माणसाला डोळे मिटायला लावायची, तळव्यावर मोरपीस टेकवायची आणि विचारायची, "कुठं?" उत्तरावरून पायातली कोणती नस झोपलीय ते ती ओळखायची. ते पीस मोरानं स्वतः तिच्या दारात आणून ठेवलं होतं, असं म्हणतात.

गावात सटवाजी कुंभार होता. कुंभार माती पायानं तुडवतो, आणि मातीतला खडा तळव्यालाच कळतो. सटवाजीच्या तळव्याला तर मोहरीएवढा खडाही सापडायचा. पण एका वर्षी त्याच्या मडक्यांना भट्टीत तडे जायला लागले. तळव्याला न कळलेले खडे मातीत राहत होते ना! मग एकदा त्याचा पाय निखाऱ्यावर पडला, आणि हा गडी तिथंच उभा राहून गप्पा मारतोय! करपल्याचा वास त्याच्या बायकोला, गजराला आला, तेव्हा कुठं पाय उचलला. पाय गेले तर माती गेली, आणि मातीवाचून सटवाजी जगलाच नसता. गजरानं त्याला ओढतच चिमाक्काकडे नेलं.

पण गडी महाहट्टी! डोळे मिटून ताठ बसला.

"कुठं?"

"अंगठा."

"आता?"

"टाच."

सगळं अंदाजपंचे! चिमाक्का गालात हसली. तिनं पीस अंबाड्यात खोवलं, हात मांडीवर ठेवले आणि विचारलं, "आता कुठं रे?"

"करंगळी!" सटवाजी ठासून म्हणाला.

अंगणात जमलेल्या लोकांत हशा पिकला. सटवाजीनं डोळे उघडले, अंबाड्यातलं पीस पाहिलं आणि त्याचं तोंड एवढंसं झालं.

"काहीच कळत नाही गं अक्का," तो म्हणाला. "लई भ्या वाटतंय."

"मग हे आधी सांगायला काय झालं होतं, बाबा? दिवसभर चाकापुढं गुडघे मुडपून बसतोस, नस दबलीय तुझी. मधूनमधून उठत जा, पाय मोकळे करत जा. आणि रोज सकाळी इथं ये."

रोज सकाळी पीस फिरायचं आणि सटवाजी खरं तेच सांगायचा, "नाही कळलं." एके दिवशी मात्र पीस टेकताच तो असा खदाखदा हसला, की भट्टीतली मडकी आपोआप वाजली आणि सात डोंगरांवरचे मोर नाचायला लागले, असं म्हणतात. गजरा तर हसता हसता रडलीच.

अजूनही तांबडमाळात वर्षाची पहिली माती तुडवायच्या आधी सगळे कुंभार डोळे मिटून ओळीनं बसतात. पीस फिरतं, आणि मधेच मुद्दाम टेकवतच नाहीत. तरीही "करंगळी!" म्हणणाऱ्याची वर्षभर टर उडते. आणि जो सगळ्यांसमोर "नाही कळलं" म्हणतो, त्याच्या हातावर चिमाक्काच्या नावानं सगळ्यांत आधी गूळ ठेवतात.