राजाच्या वाटेवरचं चित्र

माणसांनी अजून भिंती बांधल्या नव्हत्या, तेव्हाची ही गोष्ट. एका रानात हत्ती राजा होता. त्यानं आपल्या आंघोळीसाठी ओढा अडवला आणि खालचं रान कोरडं पडलं. कोल्हा प्रधान मात्र रोज सांगे, "महाराज, प्रजा खुशाल आहे."

एके सकाळी राजाच्या वाटेवरच्या कातळावर गेरूनं काढलेलं चित्र दिसलं. वर राजा गळ्यापर्यंत पाण्यात, खाली जिभा बाहेर काढलेली जनावरं. ते साळू साळिंदरीचं काम होतं. सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणी तिचं नाव घेतलं नाही.

"राजा यायच्या आत चिखल फासून टाक," प्रधानानं धुंडा रानडुकराला फर्मावलं.

धुंडा कातळापाशी गेला. चित्रात एक डुकरीण निपचित पिल्लाला चाटत होती. ती त्याचीच बायको होती, पिल्लूही त्याचंच. त्याचे पाय जागीच खिळले. तेवढ्यात प्रधानासह राजा आला.

"अजून पुसलं नाहीस?" प्रधान खेकसला.

धुंडा राजाकडे वळून बोलला, "महाराज, पुसायला चिखल लागतो आणि चिखलाला पाणी. खाली थेंब नाही."

हत्तीनं चित्र नीट पाहिलं, मग प्रधानाकडे पाहिलं. तो माघारी वळला आणि सोंडेनं बांधाचे दगड उपसू लागला.

संध्याकाळी धुंडा ओल्या मातीतले कंद घेऊन साळूच्या बिळाशी आला. "साळूताई, पोरं पोटभर पाणी प्याली. तुझे उपकार कसे फेडू?"

"माझं चित्र मुकं होतं रे. बोललास तू."

सगळ्यात मोठा कंद धुंडानं तिच्यापुढं सरकवला आणि ती खाईपर्यंत तिथंच बसून राहिला.