धनेशिणीचं बंद दार

सह्याद्रीत माणसाने वाटा पाडायच्या आधीची ही गोष्ट. दंतोबा नावाचा हत्ती तेव्हा साऱ्या रानाची राखण करायचा. सकाळी पाणवठ्यावरून रानकुत्री हाकलायची, दुपारी बिबट्याला दटावायचं, संध्याकाळी पलीकडच्या खिंडीत पहारा. बिचाऱ्याचे गुडघे कुरकुरायला लागले होते.

त्यातच एका माकडाने सावरीच्या झाडावर, आग्या मोहोळाशेजारी बस्तान मांडलं. हातात धोंडा घेऊन ते ओरडायचं, "रोज फणस आणून द्या, नाहीतर मोहोळ फोडतो! मीही मरेन, तुम्हीही मरा!"

दंतोबा भडकला. "एका धडकेत झाडच आडवं करतो," म्हणत त्याने पाय उचलला.

शेजारच्या झाडाच्या ढोलीतून आवाज आला, "भाऊजी, जरा थांबा." ती धनेशीण होती, मोठ्या चोचीच्या धनेश पक्ष्याची मादी. अंडी घालायच्या वेळी धनेशीण ढोलीचं तोंड लिंपून आत बसते आणि नवरा फटीतून तिला फळं भरवतो.

"माशा उठल्या तर तुम्ही ओढ्यात शिराल, हरणं पळतील. माझं दार अजून महिनाभर बंद आहे. मी पिल्लांना घेऊन कुठे जाऊ?"

दंतोबाने पाय हळूच खाली ठेवला. "पण त्याला फणस मिळणार नाही," तो पुटपुटला.

"मुळीच देऊ नका. फक्त त्याला दिसाल असे उभे राहा, म्हणजे धोंडा टाकायला तो धजणार नाही."

महिन्याने दार फुटलं, दोन पिल्लं बाहेर आली. तोवर माकडाने रोज धोंडा उगारला होता, आणि दंतोबाने रोज उचललेला पाय खाली ठेवला होता.

पुढे रानात कुणी दंतोबाला भित्रा म्हणालं, की ती दोन पिल्लंच आधी चोच मारायला धावायची.