जबड्यावरची माती

“नाव तर सांगा न, सर. कोणाचा जबडा आहे हा?”

श्रीरंग पिदुरकरांनी पुन्हा विचारलं. औषधाचं दुकान भावाच्या गळ्यात घालून हा गडी नाल्याकाठी हाडं शोधत हिंडायचा. कोट्यवधी वर्षांपूर्वीची, दगड झालेली हाडं. पुस्तकांतली चित्रं तोंडपाठ, इंटरनेटवरच्या ग्रुपात शब्दाला वजन. पण या जबड्याचं चित्र कुठंच नव्हतं. म्हणजे प्राणी नवा. नव्या प्राण्याला आपलं नाव मिळणार, या आशेनं त्यांची झोप उडाली होती.

देवतळे सरांचा उभा जन्म अशा हाडांच्या संशोधनात गेला होता. त्यांनी जबडा हातात घेतला. तो चांगलाच चकाकत होता.

“याची माती कुठाय?”

“घासून काढली. वरून वॉर्निश मारलं.”

सरांनी जबडा परत त्यांच्या हातात दिला.

“नुसत्या जबड्यावरून नाव नाही देता येत. बाकीचं अंग?”

“जमिनीतच असंल. पण जागा नाही सांगत, सर. मागं एका साहेबाला हाड दिलं, तर पेपरात फोटो त्याचा आला.”

“बरं. उद्या त्या नाल्यावर कालवा खणायला पोकलेन येतंय. जागा दाखवली, तर काम थांबवायला सांगता येईल मला.”

पिदुरकरांनी जबडा पिशवीत टाकला. ते तडक उठले आणि सरांना घेऊन नाल्यावर गेले.

नाल्याच्या दर वळणावर खुणेसाठी रचलेली दगडांची रास होती. सरांनी पिदुरकरांकडे पाहिलं.

“माझ्याच आहेत,” पिदुरकर खालच्या आवाजात म्हणाले. “एक खरी. बाकीच्या... दुसऱ्या शोधणाऱ्यांनी फसावं म्हणून.”

“खरी कोणती?”

“वाकड्या पळसाखालची.”

पळस कुठंच नव्हता. यंदाच्या पुरात तो वाहून गेला होता.

पिदुरकरांनी एक रास उपसली, खाली खणलं. मग दुसरी. बोटं सोलली. ऊन उतरू लागलं.

“माती लाल होती का पांढरी?” सरांनी विचारलं. “तेवढं कळलं तरी थर सापडेल.”

पिदुरकरांना आठवेना. त्यांनी पिशवीतून जबडा काढला आणि दातांच्या फटी नखानं कोरू लागले. कुठं एखादा कण राहिला असेल... वॉर्निशचे पापुद्रे तेवढे निघाले. इतकं स्वच्छ त्यांनी आयुष्यात कुठलंच हाड घासलं नव्हतं, आणि आता त्या स्वच्छपणाचीच त्यांना शिसारी आली.

ते मटकन खाली बसले. पलीकडच्या काठावर ट्रकमधून पोकलेन उतरवत होते.

“जाऊ द्या, सर,” ते कसंबसं म्हणाले. “कधीचं मेलेलं जनावर. त्याचं आता आणखी काय व्हायचं...”

सरांनी खांद्यावरचा पांढरा दुपट्टा काढला. जबडा त्यांच्या हातातून घेऊन जमिनीवर ठेवला आणि दुपट्टा त्याच्यावर पांघरला.

“इतकी वर्षं ते नुसतं पडलं होतं, श्रीरंग. मेलं ते आज.”