दोन आळ्यांमधला विस्तव

त्या सकाळी हौसाच्या घरात सगळंच ओलं होतं. छपरातून गारांचं पाणी गळून गोधडी भिजली होती, सरपण भिजलं होतं, आणि चूल तर नुसती ओली राख होऊन बसली होती. कोपऱ्यात हौसाची आई तापाने फणफणत होती आणि थंडीने कुडकुडतही होती. ताप यायचा तर ताप यावा, थंडी यायची तर थंडी यावी, दोघांनी एकदम कशाला यायचं, असं हौसाला वाटलं. तिला मनातून फार भीती वाटत होती.

ही गोष्ट काडेपेटीच्या पुष्कळ आधीची. तेव्हा विस्तव कोणी रोज नव्याने पेटवत नसे. संध्याकाळी चुलीतला निखारा राखेच्या मऊ पांघरुणाखाली निजवायचा आणि उजाडलं की राख सारून, हळूच फुंकून त्याला उठवायचं. एखाद्या घरचा विझलाच, तर खापरीत चिमूटभर राख घेऊन शेजारी जायचं आणि तिथला निखारा मागून आणायचा. विस्तवाला कोणी नाही म्हणत नसे. पण आज शेजारचाही विझला होता. गारांनी सगळ्या वरल्या आळीच्या चुली विझवल्या होत्या. माणसांनी चकमक झाडून झाडून हात दुखवून घेतले, पण ओल्या कापसावर पडलेली ठिणगी जागच्या जागी मरत होती.

ओढ्यापलीकडे खालली आळी होती. पण तिथून काही आणायचा प्रश्नच नव्हता, कारण वरल्या आणि खालल्या आळीमधून विस्तव जात नव्हता. भांडण असलं की आपण सहज तसं म्हणतो. इथे मात्र तो खरोखरच जात नव्हता. फार वर्षांपूर्वी एका लग्नाच्या पंगतीत म्हणे वरल्या आळीच्या पानांवर तूप उशिरा वाढलं. खालली आळी म्हणे, उशिरा नाही, वेळेवरच वाढलं, ह्यांचाच भात आधी संपला. ते तूप, तो भात आणि ती पंगत कधीच सरली होती. भांडण तेवढं ताजं होतं.

‘‘आई, मी रानात जाऊन येते,’’ हौसा म्हणाली. ‘‘वीज पडलेल्या झाडाच्या बुंध्यात विस्तव धुमसत राहतो, तूच सांगायचीस ना?’’

‘‘सांभाळून जा गं,’’ आई कशीबशी म्हणाली. ‘‘आणि डबीतला सावरीचा कापूस घे. तेवढाच कोरडा आहे, पण इथे जाळला तर त्यावर धरायला कोरडी काडीही नाही.’’

हौसाने कापूस कमरेला खोचला, खापरीत चुलीच्या अगदी तळाशी कोरडी राहिलेली मूठभर राख घेतली आणि निघाली. रानाची वाट ओढा ओलांडून खालल्या आळीच्या कडेने जात होती. शेवटचं घर रावजीबाबाचं. रावजीबाबा म्हणजे भांडणाचा खांब. रोज चुलीपाशी शेकायला बसला की तो आधी म्हणायचा, ‘‘वरल्या आळीच्या चुली विझू देत.’’ मग खाकरायचा आणि मग शेकायचा. सवयच होती ती. आज त्याच्या घरातून धूर निघत नव्हता, आणि आत एक तान्हं बाळ टाहो फोडून रडत होतं. गारांनी आळी बघून मारा केला नव्हता.

रान मात्र ऐटीत होतं. पानापानावर थेंबांचे इवले इवले दिवे लुकलुकत होते, गवतात गारा मोत्यांसारख्या सांडल्या होत्या, आणि उन्हाच्या तिरिपेत लाल, जांभळे, सोनेरी रंग लपंडाव खेळत होते. वीज पडलेलं झाड काही सापडेना. पण एका पळसाखाली, गळून पडलेल्या केशरी फुलांच्या ढिगात, काहीतरी मिणमिणताना दिसलं.

ती एक परी होती. अंगठ्याएवढी. तिच्या चिमुकल्या झग्याची निळी किनार तेवढी धुगधुगत होती. बाकी झगा भिजून काळा पडला होता.

हौसाने कमरेचा कापूस काढला. तो चकमकीसाठी ठेवलेला होता आणि दुसरा नव्हता. तिने एकदा कापसाकडे पाहिलं, एकदा परीकडे, आणि मग परीला कापसात गुंडाळून ओंजळीत धरलं. वर हळूच फुंकर घातली.

‘‘हळू,’’ परी पुटपुटली. ‘‘जोरात फुंकलंस तर विझेन. हळू फुंकलंस तर पेटेन. वारा तोच, माणसाला कळलं पाहिजे.’’

हौसा हळू, अगदी हळू फुंकत राहिली. कापूस भुर्रकन जळून गेला आणि परी उजळली. झगा पायाशी निळा, कमरेशी पिवळाधमक, वर केशरी, आणि डोक्यावर धुराची नाजूकशी शेंडी.

‘‘मी ठिणगी,’’ परी म्हणाली. ‘‘तू माझ्यापायी तुझा कापूस घालवलास. आता तुला एक निखारा देते. साधा नाही, इच्छेचा. पण नियम आहेत.’’

‘‘नियम कशाला?’’ हौसाने विचारलं.

‘‘नियम नसले तर मी परी कशाची? वणवाच झाले असते.’’ ठिणगीने झगा नीट केला. ‘‘ऐक. हा निखारा ज्या चुलीत पहिल्यांदा पेटेल, त्या चुलीच्या धन्याची इच्छा खरी होईल. पेटल्यावर तो जी पहिली इच्छा बोलेल ती. पण इच्छेचं गुपित आधी कोणाला सांगितलंस, तर नुसता कोळसा उरेल.’’

मग तिने आपल्या झग्याची केशरी झालर झटकली, आणि हौसाच्या खापरीत लालबुंद, गोल गोल निखारा टपकन पडला. हौसाने तो राखेत नीट झाकला. घरी जायचं, चूल पेटवायची आणि म्हणायचं, माझ्या आईला बरं वाटू दे. ती धावतच निघाली.

रावजीबाबाच्या घरापाशी मात्र तिचे पाय अडखळले. बाळ आता टाहो फोडत नव्हतं. मांजराच्या पिलासारखं अधूनमधून कण्हत होतं. बाळाची आई सगुणा त्याला पोटाशी धरून दारात उन्हाचा कवडसा शोधत होती. बाळाचे ओठ निळे पडले होते.

हौसाने खापरीत पाहिलं. निखारा लहान झाला होता. वरल्या आळीत एकही कोरडी गोवरी नव्हती, हे तिला आत्ता आठवलं. आणि रावजीबाबाच्या दगडी खोपीत कोरड्याठाक गोवऱ्यांची चळत उभी होती. हिच्याकडे विस्तव होता आणि जळण नव्हतं. त्यांच्याकडे जळण होतं आणि विस्तव नव्हता. हे कोणालाही कळलं असतं, पण त्यासाठी कोणीतरी बोलायला हवं होतं.

पण निखारा इथे पेटला, तर इच्छा रावजीबाबाची. आणि रावजीबाबा चुलीपाशी बसून आधी काय म्हणतो, हे पोराटोरांनाही पाठ होतं.  तेवढ्यात बाळ कण्हायचंही थांबलं.

‘‘रावजीबाबा,’’ हौसाने हाक मारली, ‘‘एक गोवरी द्या.’’

म्हातारा बाहेर आला. ‘‘कुणाची गं तू?’’

‘‘वरल्या आळीची.’’

‘‘मग हितं काय काम?’’

‘‘माझ्यापाशी विस्तव आहे, बाबा. गोवरी नसली तर तो विझेल. तुमच्या चुलीत पेटवू या. बाळ गारठलंय.’’

 सगुणाने सासऱ्याच्या तोंडून काय निघतंय याची वाट पाहिली नाही. तिने हौसाला हाताला धरून आत नेलं. गोवरीचा चुरा केला, हौसाने त्यावर निखारा ठेवला आणि फुंकलं. हळू, अगदी हळू. आधी धूर आला, मग निळी जीभ, मग पिवळी, आणि चूल केशरी होऊन हसली. सगुणाने बाळाला शेकायला धरलं. थोड्या वेळाने बाळाचे ओठ गुलाबी झाले आणि त्याने असा काही सूर लावला की कोंबड्या बाहेर पळाल्या.

रावजीबाबा चुलीपाशी बसला. हात पुढे केले. सवयीने म्हणाला, ‘‘वरल्या आळीच्या...’’

हौसाने डोळे गच्च मिटून घेतले.

‘‘...वरल्या आळीच्या चुली पेटल्या का गं?’’ रावजीबाबाने विचारलं.

‘‘नाही बाबा. सगळ्या विझल्यात. आमचीही. आई तापाने पडलीय.’’

‘‘आणि तू विस्तव हितं दिलास?’’

हौसाने बाळाकडे बोट केलं. तिला रडू येत होतं.  म्हाताऱ्याने चिमट्याने सगळ्यात मोठा निखारा उचलून तिच्या खापरीत ठेवला आणि पाच-सहा गोवऱ्या तिच्या काखेत दिल्या.

‘‘जा घरला,’’ तो म्हणाला. ‘‘तुज्या आईला बरं वाटू दे.’’

चुलीतल्या जाळात निळी किनार चमकली. ठिणगी ज्वाळेच्या टोकावर उभी राहिली, हौसाकडे बघून तिने डोळा मिचकावला, आणि सोनेरी उजेडाचा एक लख्ख झोत छपराच्या फटीतून वर निघून गेला. रावजीबाबा म्हणाला, गोवरी चांगली वाळलेली होती, म्हणून ठिणगी उडाली.

हौसा घरी पोचली तेव्हा आई उठून बसली होती आणि केस विंचरत होती. हौसाने चूल पेटवली. शेजारणी खापऱ्या घेऊन आल्या आणि निखाऱ्याबरोबर कोरड्या गोवरीचा एकेक तुकडाही घेऊन गेल्या. दिवस कलायच्या आत वरल्या आळीच्या साऱ्या छपरांतून धूर निघाला, आणि तो सगळा विस्तव रावजीबाबाच्या चुलीतला होता. आता त्याच्याशी भांडायचं कसं, हा वरल्या आळीपुढे मोठाच पेच पडला.

पुढच्या थंडीत खालल्या आळीचा विस्तव विझला. रावजीबाबा खापरी घेऊन हौसाच्या दारी आला. निखारा घेतला आणि लाजून लगेच वळला.

‘‘विस्तव न्यायला आल्यासारखे काय आलात, बाबा,’’ हौसा म्हणाली. ‘‘बसा की.’’

आणि रावजीबाबा बसला. आईने त्याच्यापुढे गरम भाताचं पान मांडलं, आणि हौसाने त्यावर सगळ्यात आधी तूप वाढलं.